बूच लावलं का? छोटी मोटारबोट उतरवतानाचे पहिले अनुभव

पहिल्यांदा बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी आमची तयारी चोख होती. चौघांची लाईफ जॅकेटं अंगावर चढवून, पट्टे आवळून बघितलेली. टाकी भरलेली, वल्ही दोन, दोर तीन, शिट्टी एक. बोट ट्रेलरवरून अलगद सुटली, तरंगायला लागली आणि आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. मी गाडी वर लावून परत येतो तर धाकटी बोटीत उभी राहून विचारते, "बाबा, बोटीत पाणी आतून कसं येतं?" तिच्या चपला पायाशी तरंगत होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीच्या मागच्या फळीत, अगदी तळाला, एक भोक ठेवलेलं असतं. बोट बाहेर काढली की आत साचलेलं पाणी तिथून वाहून जातं. पुन्हा उतरवायच्या आधी त्यात बूच फिरवून घट्ट बसवायचं. भोक जेमतेम अंगठा मावेल एवढं, पण त्यातून पाणी किती जोरात येतं ते पाहून माझे हातपाय गळाले. मेहुणा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने खरोखरच अंगठा घालून भोक बंद केलं. मी वर गाडीकडे पळालो. डिकी उपसली, हत्यारांची पेटी पालथी केली, सीटखाली हात घालून पाहिलं. खालून मेहुण्याचा आवाज, "दाजी, बोट बधिर झालं, लवकर करा!" धाकटी माझ्यामागे पळत आली होती. ती म्हणाली, "बाबा, तू पळतोस तेव्हा तुझ्या खिशात काय वाजतं?"

पितळी बूच आणि गाडीची किल्ली. हरवू नये म्हणून सकाळी मीच जपून खिशात ठेवलेलं.

तर हा धागा त्यासाठी. चार ते सहा मीटर लांबीच्या, आउटबोर्ड इंजिनाच्या (म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) बोटी चालवणाऱ्यांनी आपापल्या पहिल्या दिवसांतल्या चुका लिहाव्यात. काय झालं, का झालं, आता काय करता. कुणाला इजा झाली असेल असे प्रसंग वेगळे. इथे आज हसून सांगता येतील असेच घेऊ. माझं मत असं की यातल्या निम्म्या चुका बोट पाण्यात सोडायच्या उतारावरच्या त्या दहा मिनिटांत होतात. मागे रांग लागलेली असते, लोक बघत असतात आणि हात घाई करतात. म्हणून मी आता सगळी तयारी उताराच्या बरीच आधी, मोकळ्या जागेत गाडी उभी करून करतो. बूच बोटीच्या किल्लीला दोरीने बांधलेलं असतं. एक हातात घेतलं की दुसरं आलंच.

* * *

बुचाचंच आमचं दुसरं टोक. आम्ही बुचाशिवाय निघालो आणि तासभर मजेत फिरलो! कुणाला काही कळलं नाही, कारण बोट वेगात धावत होती. वेगात असताना मागच्या फळीपाशी पाणी तुटून मागे जातं, भोक उघडं पडतं आणि आत असलेलं पाणीसुद्धा बाहेर ओढलं जातं. मग गळ टाकायला म्हणून मधोमध थांबलो. पाच मिनिटांत मागची बाजू जड झाली. वडील म्हणाले, "मोठा मासा लागला वाटतं." भाऊ खाली वाकला आणि ओरडला, "मासा नाही, पाणी!"

त्या वेळी उतारावर पूर्वी भेटलेल्या एका अनुभवी बाईंचं बोलणं आठवलं आणि इंजिन पुन्हा सुरू करून बोट पळवली. पाणी ओसरत गेलं. पण आता थांबायची सोय नव्हती. भावाने सदऱ्याची घडी करून भोकात कोंबली, तशीच बोट किनाऱ्याला आणली. तेव्हापासून एक जास्तीचं बूच बोटीतच, सुकाणूखालच्या कप्प्यात असतं.

* * *

मला ट्रेलर मागे घ्यायचा अनुभव लिहायचा आहे, जरा लांबेल.

गाडी मी वीस वर्षं चालवते आहे. ट्रेलर पहिल्यांदाच जोडला होता. मागे घेताना ट्रेलरला डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवावं लागतं, हे वाचून माहीत होतं. पण वाचलेलं आणि हातात आलेलं यात फार अंतर असतं. पहिल्या खेपेला ट्रेलर गाडीशी काटकोनात. पुढे घेऊन सरळ केला. दुसऱ्या खेपेला काटकोन दुसऱ्या बाजूला. नवरा मागे उभा राहून हाताने खुणा करत होता. त्याचं तोंड माझ्याकडे, म्हणजे त्याचं डावं ते माझं उजवं. तो म्हणतोय "डावीकडे", मी विचारतेय "कुणाच्या?", तो म्हणतोय "ट्रेलरच्या!" ट्रेलरचं डावं कोणतं यावर उताराच्या मधोमध आमची चर्चा सुरू झाली. मागच्या गाडीतले गृहस्थ शेवटी उतरून आले. त्यांनी फक्त एक वाक्य सांगितलं. "ताई, हात चाकाच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्या."

एवढंच. वर धरलेला हात आणि ट्रेलर उलट जातात, खाली धरलेला हात आणि ट्रेलर एकाच बाजूला जातात. डोक्यात उलटसुलट हिशेब करावाच लागत नाही. त्या गृहस्थांचे मी आजही मनात आभार मानते.

नंतर दोन सुट्ट्या मी रिकाम्या मैदानात घालवल्या, दोन पिंप ठेवून त्यांच्यामधून ट्रेलर मागे घ्यायचा सराव केला. एक गोष्ट तिथेच कळली. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो. तो इतक्या पटकन वळतो की चूक दिसेपर्यंत ती हाताबाहेर गेलेली असते. म्हणून चाक थोडंच फिरवायचं आणि वाट बघायची. खुणांसाठी आमचं ठरलंय की डावं-उजवं हे शब्दच वापरायचे नाहीत. नवरा ज्या बाजूला ट्रेलर यायला हवा त्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि थांबायचं असेल तर दोन्ही हात वर करतो.

* * *

आमची बोट ट्रेलर सोडायलाच तयार नव्हती. मागे घेतोय, अजून मागे घेतोय, गाडीचा सायलेन्सर पाण्यात बुडबुडायला लागला, तरी बोट हलेना. मित्र बोटीत बसून इंजिन उलटं फिरवतोय, पाण्याला नुसता फेस. मग ट्रेलरच पाण्यातून वर उचलला जायला लागला, आणि मागे उभे असलेले काका ओरडले, "अरे, पट्टे!" बोटीच्या मागच्या दोन कड्या ट्रेलरला बांधलेले पट्टे तसेच होते. बोट तरंगली होती, तिने ट्रेलरलाही सोबत घेतलं होतं.

* * *

वरच्यांच्या अगदी उलट. आम्ही घाई करून उताराच्या माथ्यावरच विंचचा (ट्रेलरवर बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) हूक काढला, म्हणजे खाली गेल्यावर वेळ जाणार नाही. आमच्या ट्रेलरला रबरी रोलर. गाडीने उतारावर पहिला हिसका दिला आणि बोट पाण्याच्या चार मीटर आधी काँक्रीटवर उतरली. मागची फळी आधी, मग सावकाश बाकीची.

बोट शाबूत होती, तळाला तीन लांब ओरखडे. सहा अनोळखी माणसांनी मिळून ती पुन्हा ट्रेलरवर चढवली. आता हूक आणि साखळी दोन्ही, बोटीचं बूड पाण्यात तरंगेपर्यंत कोणी काढायची नाही.

* * *

"दोर तू धरलायस ना?"
"मला वाटलं तू धरलायस."

हे संभाषण आमच्या घरात आजही अधूनमधून होतं. बोट ट्रेलरवरून सुटली, मी ढकललं, दादाने ढकललं, आणि बोट एकटीच निघाली. आत दोघांचे फोन, बूट, बोटीची किल्ली. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे, त्यामुळे ती अगदी शिस्तीत लांब जात होती. मी पोहायला झेपावणार तेवढ्यात दादाने दंड धरला. त्याने केलं ते बरोबर केलं, वाऱ्यावर सुटलेली रिकामी बोट पोहणाऱ्याला सहज मागे टाकते. एका कायाकवाल्या मुलीने वल्हवत जाऊन ती आणून दिली. वय असेल तेरा-चौदा. दोर दादाच्या हातात देताना म्हणाली, "हा आधी बांधायचा असतो." आम्ही दोघं एका सुरात "हो" म्हणालो.

* * *

माझं इंजिन सुरू होत नव्हतं. बॅटरी बघितली, भरलेली. पेट्रोल होतं. गिअर न्यूट्रलला होता. स्पार्क प्लग काढून पुसला. वीस मिनिटं खटपट करून शेवटी मेकॅनिकला फोन केला. तो लांबून आला, बोटीत पाय ठेवला, माझ्या पायाशी पडलेली लाल गुंडाळीची दोरी उचलली, तिची चिमट्यासारखी क्लिप एका बटणात अडकवली आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. पैसे घ्यायला तयार होईना. मीच बळे दिले.

ही दोरी म्हणजे किल स्विचची. एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. चालवणारा पडला की क्लिप निसटते आणि इंजिन बंद पडतं. मला तेव्हा ती अडगळ वाटली होती. त्याच मोसमात दुसऱ्या एका बोटीची आडवी लाट आली आणि मी बाकावरून उडून बोटीच्या कडेवर आपटले, अर्धी बाहेर. इंजिन त्याच क्षणी थांबलं. ती दोरी नसती तर बोट चालवायला कुणी नसताना गोल फिरत राहिली असती, आणि फिरणाऱ्या बोटीचा पाण्यातला पंखा पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. हा धागा हसण्याचा आहे, ठाऊक आहे. पण ही दोरी घातल्याशिवाय कुणी निघू नका, अगदी हात जोडून सांगते.

* * *

इंजिन बंद पडण्यावरून. आमचं सुरू व्हायचं, पण बरोबर सात-आठ मिनिटांनी बंद पडायचं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. तीन रविवार. कार्ब्युरेटर साफ केला, फिल्टर बदलला, पेट्रोल नवीन भरलं. चौथ्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, आपली टाकी बारीक होत चाललीय."

खरंच, प्लॅस्टिकची लाल टाकी दोन्ही बाजूंनी आत चेपली होती. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. ने-आण करताना तो बंद ठेवायचा, चालवताना उघडायचा. आम्ही कधीच उघडला नव्हता. इंजिन पेट्रोल ओढत होतं, त्या जागी हवा आत जायला वाट नव्हती, म्हणून काही मिनिटांनी पेट्रोल यायचंच थांबत होतं. भाच्याने स्क्रू फिरवला तसा टाकीने मोठा श्वास घेतला आणि ती "टुम्म" करून फुगली. नळीतला रबरी फुगा दाबल्यावर चपटाच राहत असेल तर आधी हा स्क्रू बघा, बाकी सगळं नंतर.

* * *

आमच्या इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार उडायची. नवीन इंजिन आणि गळती! मी काडी खोचून वर चिकटपट्टी लावून ती बंद केली आणि घरी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं.

ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आत खेळतंय याची खूण. पंप चालू असल्याची तीच एक नजरेला दिसणारी साक्ष. नशिबाने पंप चांगला होता म्हणून काही बिघडलं नाही. हेच इंजिन मी आधी एकदा अंगणात, पाण्याशिवाय, "आवाज ऐकू या" म्हणून सुरू करणार होतो. पंपात रबरी पात्यांचं चाक असतं, ते कोरडं फिरलं तर फार थोड्या वेळात खराब होतं. त्या दिवशी शेजारच्यांनी अडवलं होतं. इंजिन घरी तपासायचं तर पाणी शोषणाऱ्या जाळ्यांवर बसणाऱ्या रबरी टोप्या मिळतात, त्यांना बागेतली पाण्याची नळी जोडायची. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आतलं मीठ धुवायलाही त्याच कामी येतात.

* * *

नांगर. मी बोटीच्या नाकावर, पुढच्या टोकाला उभा. मागून मित्राने हाक दिली, "टाक!" मी टाकला. दोर सरसर गेला, छान गेला, सगळाच्या सगळा गेला. शेवटचं टोक डोळ्यांसमोरून बोटीच्या कडेवरून खाली उतरलं, तेव्हा कळलं की ते बोटीला बांधायचं राहिलं होतं. मित्राने विचारलं, "लागला का?" मी म्हटलं, "नांगर लागला. आपण नाही."

पुढच्या खेपेला नवीन नांगर, टोक दुहेरी गाठीने बांधलेलं. तरी बोट हळूहळू सरकतच राहिली. पाणी चार मीटर खोल आणि दोर आम्ही पाच मीटर सोडला होता. नांगर तळाला नुसता टेकतो, रुतत नाही. दोर आडवा ओढला गेला तरच त्याचा फाळ तळात घुसतो. म्हणून खोलीच्या पाचपट तरी दोर हवा, वारा असेल तर सातपट. आणि खोली मोजताना पाण्यापासून नाकाच्या कडेपर्यंतची उंचीही धरायची. नांगर मागून मात्र कधी टाकू नका. मागे आधीच इंजिनाचं वजन, तिथली कड ठेंगणी, वर दोराची ओढ. लाट सरळ आत येते.

* * *

खोलीवरून आठवलं. आमच्या खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ५ आकडा होता. पाच मीटर म्हणजे भरपूर, असं म्हणून निर्धास्त चाललो होतो. यंत्र फुटांत लावलेलं होतं. पाच फूट म्हणजे दीड मीटर. पंख्याने चिखल उडवायला सुरुवात केली तेव्हा बायको म्हणाली, "पाच मीटरवरचा चिखल इतका वर येतो?" घरी जाऊन सेटिंग बघितलं तर त्यात तिसरंही एक माप निघालं, फॅदम. ते तर आपलंच, वाव. दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकांमधलं अंतर, सहा फूट. खोल पाणी मोजायचा दोर असा हातांनीच मोजत. आमच्या सासऱ्यांना ते बघून फार आनंद झाला. त्यांनी लगेच हात पसरून आमची बोट मोजली, तीन वाव भरली.

* * *

धक्क्याला लागण्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मला तर तेच सगळ्यात जड गेलं.

बोटीला ब्रेक नसतो हे ऐकलं होतं. पण ती मागून वळते हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडीत पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग मुकाट्याने मागे येतो. बोटीत मागचा भाग आधी बाहेर फेकला जातो. पहिल्यांदा धक्क्यावरून निघताना मी गाडी फुटपाथपासून काढतात तशी चाक बाहेरच्या बाजूला फिरवून पुढे घेतली. नाक बाहेर गेलं आणि मागची बाजू धक्क्यावर घासत, खांबाखांबाला ठोकत चालली. प्रत्येक ठोक्याला आई "अगं!" म्हणायची. सहा खांब, सहा "अगं".

परत येताना दुसरी चूक. लवकर इंजिन न्यूट्रलला टाकलं, म्हणजे अलगद येऊ. मग चाक फिरवलं, काही नाही. पूर्ण फिरवलं, काही नाही. आउटबोर्डमध्ये पंख्याचा रेटा जिकडे, तिकडे बोट. रेटाच बंद, तर सुकाणू जवळजवळ मुकं. आम्ही आमच्या जागेवरून संथपणे, सरळ रेषेत पुढे गेलो आणि दोन जागा सोडून एका अनोळखी बोटीशेजारी जाऊन टेकलो. त्यांनी आमचा दोर धरला, बोटी घासू नयेत म्हणून फेंडर, म्हणजे फुगीर उशी, मध्ये घातला आणि विचारलं, "राहणार आहात का?"

आता मी असं करते: आधी लांब थांबून वारा कुठून येतोय ते बघते, जमलं तर वाऱ्याच्या तोंडाला येते. गिअर टाकायचा, क्षणभर रेटा, पुन्हा न्यूट्रल. चाक आधी फिरवायचं, रेटा नंतर द्यायचा. हा क्रम उलटा झाला की बोट आधी जुन्या दिशेला झेप घेते. आणि उलट्या गिअरमध्ये मागची बाजू एका अंगाला ओढली जाते. पुढे जाताना उजवीकडे फिरणाऱ्या नेहमीच्या पंख्याला ती डावीकडे जाते. हे कळल्यावर मी डाव्या कडेने धक्क्याला लागायला लागले. शेवटी जरासा उलटा रेटा दिला की मागची बाजू आपणहून धक्क्याकडे सरकते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आई काहीच बोलली नाही, नुसता हात धरला.

* * *

भरतीला बोट बांधली, दोर ताणून, डौलदार गाठी मारून, आणि फिरायला गेलो. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. आम्ही पाच तासांनी आलो. त्यात पौर्णिमा, उधाणाचं पाणी, म्हणजे उतारही तेवढाच मोठा. बोट धक्क्याला दोन दोरांवर टांगलेली, पाण्यापासून हातभर वर, नाक वर आणि बूड खाली. गाठी इतक्या आवळल्या होत्या की सुटेनात. भरती पुन्हा वर येऊन तिला उचलेपर्यंत आम्ही शेजारी बसून राहिलो. येणारे-जाणारे फोटो काढत होते, एकाने तर आमच्याच फोनवर आमचा काढून दिला.

* * *

आम्हीही ओहोटीचेच, पण वाळूवर. पुळणीला नाक टेकवलं, मुलं खेळायला उतरली. "पाच मिनिटांत निघू." पाणी कधी मागे सरलं कळलं नाही. चौघांनी ढकललं, हलेना. साडेतीनशे किलोची बोट वाळूवर बसली की बसली. तासाभरात आम्ही बोटीभोवती प्रदक्षिणा घालू शकत होतो. मग मुलांनी बोटीला खंदक खणला, त्यावर बुरूज केले, शंखांचं तोरण लावलं. आजी बोटीच्या सावलीत झोपल्या. अंधार पडायच्या जरा आधी पाणी खंदकात आलं तेव्हा धाकटा रडायला लागला, किल्ला मोडतोय म्हणून.

* * *

मला दोन छोट्या चुका नोंदवायच्या आहेत, दोन्ही हात हलवण्याच्या.

एक. किनाऱ्यावरच्या मंडळींना आम्ही पाण्यातून दोन्ही हात बाजूला पसरवून, सावकाश वरखाली करून "आम्ही इथे!" म्हणत होतो. दहा मिनिटांत बचाव बोट हजर. दोन्ही हात पसरून सावकाश, पुन्हा पुन्हा वरखाली करणं हा सागरी वाहतुकीच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये दिलेला संकटाचा संकेत आहे. मी तीन-तीनदा माफी मागितली. त्यांनी अजिबात राग धरला नाही, उलट म्हणाले, कुणी बघतंय हे तुम्हाला कळलं.

दोन. मोठ्या जहाजाने आम्हाला पाहून पाच आखूड भोंगे दिले. आम्ही सगळे उभे राहून आनंदाने हात हलवले. पुन्हा पाच. पुन्हा आम्ही. पाच किंवा जास्त आखूड, भराभर भोंग्यांचा अर्थ "तुमचा काय बेत आहे ते मला कळत नाही" असा होतो. आम्ही त्याच्या वाटेत होतो.

* * *

हात हलवण्याचं वाचून धीर आला, म्हणून लिहितोय. आमच्या बोटीत व्हीएचएफ रेडिओ नवीनच बसवलेला. चॅनल १६ लावून ठेवायचा असतो, संकटात आणि एकमेकांना हाक द्यायला सगळे तोच ऐकतात. माझा माइक आकड्यावर नीट बसला नाही, सीट आणि गादीच्या फटीत सरकला आणि त्याचं बटण दाबलं गेलं. बटण दाबलेलं असताना या रेडिओवर आपण फक्त बोलू शकतो, ऐकू शकत नाही. त्यामुळे मला वाटलं, वा, आज किती शांतता आहे!

त्या शांततेत मी आणि बायकोने नकाशा कुणी विसरला यावर सविस्तर बोलणं केलं. मग मी गाणं म्हटलं. मी गाण्यातला नाही, पण पाणी बघून येतं माणसाला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला एक बोट जवळ आली आणि त्यातला माणूस स्वतःच्या रेडिओकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवायला लागला. बायकोने गादी उचलली, माइक काढला. बटण सुटताच पहिला आवाज आला तो अगदी सभ्य होता: "धन्यवाद. नकाशा सापडला का?"

चॅनल १६ असा अडवून ठेवणं किती गंभीर आहे हे नंतर समजलं. त्या वेळात कुणी मदत मागितली असती तर ती माझ्या गाण्याखाली दबली असती. तेव्हापासून माइक आकड्यावर बसल्याचा "टक्" आवाज ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि रेडिओ फार वेळ गप्प असला तर आधी गादी उचलून बघतो.

* * *

वेगात असताना एकदम थांबू नका, एवढंच लिहिते. आपलीच मागची लाट मागून येऊन गाठते आणि मागच्या फळीवरून आत शिरते. आमच्याकडे मागच्या बाकावर आत्या बसल्या होत्या, पाठमोऱ्या.

* * *

ट्रेलरच्या चाकांबद्दल कुणी बोललं नाही. लांबून गाडी हाकून आलात की चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसेच गार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ग्रीस खराब होतं. आमचं एक चाक परतीच्या वाटेवर किंचाळायला लागलं आणि आम्ही अर्धा तास "बोटीत काहीतरी जिवंत आहे" म्हणून शोधत होतो. आता उतारापाशी पोचलं की आधी बेअरिंगच्या टोपीला हात लावून बघतो आणि दिव्यांची वायर काढतो. ते गार होईस्तोवर पट्टे, बूच, दोर सगळं होतं.

* * *

धागा काढणारा मीच. सगळ्यांचं वाचलं, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. दाजींसाठी अंगठा बधिर करून घेणारा मेहुणाही ऐकायला होता. त्याने रेडिओची गोष्ट दोनदा वाचायला लावली.

आज सकाळी बोट उतरवली. मोकळ्या जागेत अर्धा तास थांबलो. बूच लावलं, हाताने ओढून बघितलं. मागचे पट्टे काढले, विंचचा हूक तसाच ठेवला. दोर नाकाला बांधून मेहुण्याच्या हातात. बेअरिंग गार. हात चाकाच्या खालच्या टोकाला धरून ट्रेलर पहिल्याच खेपेला सरळ खाली. टाकीचा स्क्रू उघडला, फुगा दाबला, घट्ट झाला. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

मागे वळलो तर धाकटी जॅकेट घालून बाकावर बसलेली, एक हात उंच धरून. लाल दोरी तिच्या मनगटाला, क्लिप तिच्या मुठीत. "धाग्यातल्या मावशींनी सांगितलंय ना, घातल्याशिवाय निघायचं नाही. मी कधीची घालून बसलेय."